लहान की लेकरू?

१८६४ च्या जानेवारीत पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात मेक्सिकोहून आलेले सहा ॲक्सोलोटल पोहोचले. तिसऱ्या नेपोलियनच्या फौजा तेव्हा मेक्सिकोत लढत होत्या आणि फौजांच्या मागोमाग तिथले प्राणी, रोपे, बियाणेही फ्रान्सला रवाना होत होते. एकूण चौतीस ॲक्सोलोटल पॅरिसच्या प्राणिउद्यानाला मिळाले. त्यांतले पाच नर आणि एक मादी, संग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्राध्यापक असलेल्या ओग्युस्त द्युमेरिल यांच्या ताब्यात आली. वीतभर लांबीचा, चार पायांचा, पाण्यातच राहणारा आणि मानेच्या दोन्ही बाजूंना झुपकेदार कल्ले असलेला हा प्राणी युरोपातल्या विद्वानांना जवळजवळ साठ वर्षे छळत होता. निसर्गसंशोधक हुम्बोल्ट यांनी अमेरिकेच्या प्रवासातून आणलेले नमुने पाहून फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ कुव्हिए यांना शंका आली होती, की हे कुठल्या तरी सॅलमँडरचे पिल्लू असावे. पण त्या पिल्लाचे आईबाप कुणी पाहिले नव्हते. शेवटी कुव्हिए यांनी शंका मनात ठेवून ॲक्सोलोटलला जन्मभर कल्ले बाळगणाऱ्या प्राण्यांच्या रांगेत बसवले.

१८६५ च्या सुरुवातीला पॅरिसच्या हौदात मादीने अंडी घातली. जो प्रजोत्पादन करतो तो प्रौढ, हा प्राणिशास्त्राचा सरळ हिशेब. तेव्हा कुव्हिए यांची शंका निकालात निघाली, असे कुणालाही वाटले असते. पिल्ले वाढली, आईबापांसारखी दिसू लागली. आणि शरद ऋतूत त्यांतल्या काहींचे कल्ले आखडू लागले. पाठीवरचा पडदा गेला, कातडीवर पिवळसर ठिपके उमटले. थोड्याच दिवसांत हौदात चक्क सॅलमँडर दिसू लागले, उत्तर अमेरिकेतून आधीच माहीत असलेल्या अँबिस्टोमा या प्रजातीचे. त्याच हौदातले आईबाप मात्र होते तसेच. म्हणजे आईबाप जन्मभर बाळच राहिले होते आणि पोरे मोठी झाली होती.

या गोंधळाचा खरा जाच पुढे जीवाश्मांच्या अभ्यासकांना व्हायचा होता. द्युमेरिल यांना निदान वाट तरी पाहता आली. खडकातून निघालेला सांगाडा वाट पाहून मोठा होत नाही. तो लहान असेल तर ते मोठ्या जातीचे लेकरू असेल, किंवा मुळातच छोट्या जातीचा प्रौढ असेल, किंवा ॲक्सोलोटलसारखा वयाने प्रौढ आणि रूपाने बाळ. नुसत्या आकारावरून यांतले काहीच ठरत नाही. आणि पृष्ठवंशीय प्राण्यांच्या उत्क्रांतीतला बराचसा खेळ तर नेमका इथेच चालतो. नवा अवयव शून्यातून घडवण्यापेक्षा वाढीचे वेळापत्रक बदलणे सोपे. एखादा टप्पा लांबवला, एखादा गाळला, एखाद्या अवयवाची वाढ आधी थांबवली, की वेगळा प्राणी तयार होतो. हे उमगायला दीडशे वर्षे लागली आणि तेवढ्या काळात चुका दोन्ही बाजूंनी झाल्या. लेकरांना स्वतंत्र जाती म्हणून भारदस्त नावे मिळाली, आणि निदान एका स्वतंत्र जातीला लेकरू ठरवून दुसऱ्याच्या घरात वाढवले गेले.

सुरुवातीची वाट चुकवली ती जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी. १८२८ मध्येच गर्भविज्ञानाचे अभ्यासक कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांनी दाखवले होते, की पृष्ठवंशीयांचे गर्भ सुरुवातीला एकमेकांसारखे असतात आणि वाढता वाढता वेगळे होत जातात. त्यांच्याकडे स्पिरिटमध्ये ठेवलेले दोन गर्भ होते. त्यांवर चिठ्ठी लावायची राहून गेली होती, आणि ते पालीचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे हे आता आपल्यालाही सांगता येत नाही, असे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले. हेकेल यांना एवढ्यावर थांबायचे नव्हते. १८६६ मध्ये त्यांनी मांडले, की प्रत्येक प्राणी गर्भावस्थेत आपल्या पूर्वजांची प्रौढ रूपे एकामागून एक धारण करतो. वाढ म्हणजे वंशाच्या इतिहासाची उजळणी. या मतानुसार नवे काही घडते ते वाढीच्या शेवटी, जुन्यावर भर घालून. कल्पना इतकी देखणी होती की ती पाठ्यपुस्तकांत अर्धे शतक ठाण मांडून बसली. पॅरिसच्या हौदात मात्र तिच्या नेमके उलट घडत होते. तिथे शेवटी भर पडली नव्हती, शेवटच गाळला गेला होता.

जीवाश्मांत हाच प्रश्न पहिल्यांदा नीट हाताळला तो जर्मनीतल्या हेरमान क्रेडनर यांनी. ड्रेस्डेनजवळ नीडरहेस्लिश इथल्या चुनखडीत सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीच्या इवल्याशा उभयचरांचे सांगाडे शेकड्यांनी सापडत होते. त्यांना ब्रँकिओसॉर म्हणत. क्रेडनर सॅक्सनीच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख. एकेका सुंदर नमुन्यावर लेख लिहिण्याऐवजी त्यांनी सगळे सांगाडे आकाराच्या क्रमाने ओळीत लावले. १८८६ मध्ये त्यांनी या ओळीचा वृत्तान्त छापला: सर्वांत छोट्यांत कल्ल्यांच्या आधाराच्या खुणा आहेत, मोठ्यांत त्या नाहीत. एक मोठा डौलदार जीवाश्म मिळवण्यापेक्षा पाच सेंटिमीटरचे शंभर सामान्य जीवाश्म अधिक बोलतात, हे या माणसाला इतक्या लवकर कळले होते. दुर्दैवाने बाकीच्यांना ते कळायला फार वेळ लागला. १९३९ मध्ये अमेरिकेच्या आल्फ्रेड रोमर यांनी सगळ्या ब्रँकिओसॉरांना दुसऱ्या मोठ्या उभयचरांची पिल्ले ठरवून त्यांचे वेगळे कूळच जवळजवळ मोडीत काढले. त्यांचा निकाल लागायला २००६ साल उजाडावे लागले.

आता ट्रान्सिल्व्हेनियात जायला हवे. १८९५ मध्ये तिथल्या नोप्चा घराण्याच्या जहागिरीत इलोना या मुलीला काही मोठी हाडे सापडली. तिचा भाऊ फ्रान्झ तेव्हा व्हिएन्नाला विद्यापीठात निघाला होता. त्याने हाडे सोबत नेली आणि प्रसिद्ध भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्युस यांच्यापुढे ठेवली. झ्युस म्हणाले, अभ्यास तूच कर. फ्रान्झने खरेच तो केला आणि बाविसाव्या वर्षी व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत आपला डायनोसॉर मांडला. या नोप्चांचे आयुष्य कादंबरीकाराने लिहिले असते तर वाचकाने अतिशयोक्ती म्हणून पुस्तक मिटले असते. ते अल्बानियाच्या डोंगराळ टोळ्यांत राहिले, तिथली भाषा आणि रीतिरिवाज यांवर विपुल लिहिले, ऑस्ट्रिया-हंगेरीसाठी हेरगिरी केली, आणि १९१३ मध्ये अल्बानियाला राजा हवा होता तेव्हा स्वतःचे नाव पुढे केले. पहिल्या महायुद्धानंतर जहागीर गेली. हंगेरीच्या भूवैज्ञानिक संस्थेचे प्रमुखपदही त्यांना फार काळ टिकवता आले नाही. पैशांची चणचण इतकी वाढली की जीवाश्मांचा संग्रह लंडनच्या संग्रहालयाला विकावा लागला.

पण त्यांच्या डोक्यात एक प्रश्न पक्का बसला होता. ट्रान्सिल्व्हेनियातले जवळजवळ सगळे डायनोसॉर लहानखुरे का? इतरत्र ज्यांचे भाऊबंद पंधरा-वीस मीटरचे होते, ते लांब मानेचे शाकाहारी इथे सहा मीटरच्या आसपासच थांबलेले. १९१४ मध्ये नोप्चांनी उत्तर मांडले: क्रिटेशस काळाच्या शेवटी हा प्रदेश समुद्रातले बेट होता आणि बेटावर अडकलेले मोठे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या बुटके होत जातात. भूमध्य समुद्रातल्या बेटांवर बुटक्या हत्तींचे अवशेष सापडले होतेच. यावर साहजिक आक्षेप होता: कशावरून ही पोरे नव्हेत? नोप्चांना तो आक्षेप टाळायचा नव्हता. हाडाचा पातळ काप करून आतली रचना पाहिली तर प्राण्याचे वय कळेल, या दिशेने ते वळले आणि १९३३ मध्ये बदकचोच्या डायनोसॉरांच्या बरगड्यांच्या कापांवर एका सहकाऱ्यासोबत त्यांनी निबंध लिहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हिएन्नाच्या घरात त्यांनी आपले सचिव आणि अनेक वर्षांचे जीवनसाथी बायाझिद दोदा यांना गोळी घातली आणि मग स्वतःवर झाडून घेतली. बुटक्या डायनोसॉरांचा प्रश्न तसाच राहिला.

दरम्यान हेकेल यांची इमारत ढासळत होती. इंग्लंडमध्ये वॉल्टर गारस्टँग यांनी १९२२ मध्ये ठणकावले, की व्यक्तीची वाढ वंशाची उजळणी करत नाही, उलट वाढ बदलते म्हणून वंश बदलतो. पुढे १९२८ मध्ये त्यांनी आणखी धाडसी पाऊल टाकले. समुद्रतळाला चिकटून राहणाऱ्या सी-स्क्वर्टच्या पोहणाऱ्या पिल्लाला पाठीचा दोरा आणि शेपटी असते. अशाच एखाद्या पिल्लाने प्रौढ न होताच प्रजोत्पादन सुरू केले असेल आणि तिथून पृष्ठवंशीयांचा सारा पसारा निघाला असेल, असे त्यांचे म्हणणे. आजचे तज्ज्ञ ही कथा जशीच्या तशी स्वीकारत नाहीत, पण विचाराची दिशा तिने वळवली. ज्युलियन हक्सली यांनी १९२० मध्ये ॲक्सोलोटलला थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून त्याचा सॅलमँडर करून दाखवला होता. एका ग्रंथीच्या स्रावात थोडा फरक, आणि प्राण्याचे रूप, राहणी, श्वास घेण्याची पद्धत सगळे बदलते, हे त्यातून दिसले. गॅव्हिन द बीअर यांनी १९३० मध्ये हे धागे एका छोट्या पुस्तकात एकत्र विणले. त्यानंतर जनुकांच्या गदारोळात हा विषय मागे पडला. १९७७ मध्ये स्टीफन जे गूल्ड यांच्या ‘ऑन्टोजेनी अँड फायलोजेनी’ या जाडजूड ग्रंथाने तो पुन्हा वर काढला.

खडकांतल्या प्राण्यांवर हे लागू करायचे तर आधी नावांचा कचरा झाडायला हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत डायनोसॉर खोदण्याची शर्यतच लागली होती. नवी कवटी म्हणजे नवे नाव, असा रिवाज. शिंगांचा बाक जरा निराळा दिसला तरी ट्रायसेरॅटॉप्सची नवी जात. १९७५ मध्ये पीटर डॉडसन यांनी कॅनडातल्या अल्बर्टाच्या तुरेवाल्या बदकचोच्या डायनोसॉरांच्या कवट्या मोजायला घेतल्या. तोवर तिथे तीन प्रजाती आणि बारा जाती मानल्या जात. डॉडसन यांनी मापांचे परस्परांशी प्रमाण तपासले. बिनतुऱ्याची छोटी प्रजाती म्हणजे तुरा फुटायच्या आधीची पोरे निघाली. उरल्या दोन प्रजाती, तीन जाती. त्यानंतर चारच वर्षांनी अर्जेंटिनात जेमतेम तळहाताएवढ्या सांगाड्यांना ‘मुस्सॉरस’, म्हणजे उंदीर-सरडा, असे नाव मिळाले. तेव्हाच ती पिल्ले आहेत हे ठाऊक होते. पुढे त्याच जातीचे प्रौढ सापडले, ते टनाहून जड. नावाचा उंदीर मात्र नियमाप्रमाणे कायम राहिला आहे.

१९७८ च्या उन्हाळ्यात माँटाना राज्यातल्या बायनम या खेड्यात मॅरियन ब्रँडव्होल्ड यांच्या दगड-जीवाश्मांच्या दुकानात जीवाश्मशोधक जॅक हॉर्नर आणि बॉब माकेला शिरले. बाईंनी कॉफीच्या डब्यात ठेवलेली बारीक हाडे पुढे केली. हॉर्नर यांनी ओळखले: बदकचोच्या डायनोसॉरची पिल्ले. तोवर अमेरिकेत इतकी छोटी हाडे जवळजवळ कुणी पाहिलीच नव्हती. एक कारण असे, की मोठ्या सांगाड्यांच्या नादात त्यांच्याकडे कुणी वाकून पाहत नसे. त्या जागी घरटी निघाली, अंडी निघाली, वेगवेगळ्या वयाची पिल्ले निघाली, आणि १९७९ मध्ये मायासॉरा या नावाने हा प्राणी जगापुढे आला. क्रेडनर यांनी केलेली ओळ आता डायनोसॉरांच्या बाबतीतही लावता येणार होती.

ओळ लावली तरी वय कसे कळणार? इथे नोप्चांनी अर्ध्यावर टाकलेले काम उपयोगी पडले. पॅरिसमध्ये आर्मां द रिक्लेस यांनी १९६० च्या दशकापासून जीवाश्म हाडांचे काप पद्धतशीर तपासले. हाडाचा तुकडा राळेत बसवतात, करवतीने चकती काढतात, काचेला चिकटवून ०.१ मिलिमीटरहून पातळ होईपर्यंत घासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात पाहतात. जोमाने वाढलेल्या हाडात रक्तवाहिन्यांची दाट जाळी आणि विस्कळीत तंतू दिसतात, सावकाश वाढलेल्यात तंतू शिस्तीत असतात. वाढ वर्षातून एकदा थांबली असेल तर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी रेषा उमटते. वाढ पुरी झाली की हाडाच्या बाहेरच्या कडेला अशा रेषा एकमेकींना खेटून येतात. ती खेटलेली कड दिसली, तर हाड कितीही लहान असो, प्रौढाचे. केप टाउनमध्ये अनसूया चिन्सामी यांनी १९९० च्या दशकात आफ्रिकी डायनोसॉरांच्या वयोगटांवर हीच पद्धत चालवली. संग्रहालयांचे रक्षक मात्र धास्तावले होते. लाखमोलाच्या मांडीच्या हाडावर करवत चालवायला कोण संमती देईल?

२००४ मध्ये ग्रेगरी एरिक्सन यांनी त्यातून वाट काढली. टिरॅनोसॉरस रेक्सची मांडीची हाडे पोकळ. वाढत्या वयात आतल्या रेषा झिजून जातात. म्हणून त्यांनी बरगड्या आणि इतर दुय्यम हाडे निवडली. शिकागोची प्रसिद्ध ‘स्यू’ २८ व्या वर्षी मेली होती. ऐन वयात टी. रेक्स दिवसाला सुमारे २.१ किलो वजन चढवत असे आणि विशीच्या आसपास वाढ संपे. त्याच्या छोट्या भाऊबंदांची वाढही साधारण तेवढीच वर्षे चालली होती. फरक होता वेगाचा. टी. रेक्सने जास्त वर्षे वाढून नव्हे, तर पौगंडावस्थेत सुसाट वाढून आपला अवाढव्य देह कमावला होता.

दोन वर्षांनी उलटे उदाहरण आले. जर्मनीत गोस्लारजवळच्या लांगेनबेर्ग खाणीत लांब मानेचे छोटे डायनोसॉर निघाले होते, १.७ मीटरपासून ६.२ मीटरपर्यंतचे, अकराहून अधिक. पोरे असणार असेच कुणालाही वाटावे. बॉन विद्यापीठाचे मार्टिन झांडर आणि सहकाऱ्यांनी हाडे कापली. सर्वांत मोठ्याच्या हाडाला खेटलेल्या रेषांची कड होती, म्हणजे सहा मीटरचा हा गडी पूर्ण वाढलेला. युरोपासॉरस असे त्याचे नाव पडले. जुरासिक काळातल्या एका बेटावर त्याच्या वंशाने वाढीचा वेग कमी केला होता. मग २०१० मध्ये बॉनच्याच गटाने नोप्चांच्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या लांब मानेच्या मॅग्यारोसॉरसची हाडे तपासली. सर्वांत लहान हाडेही आतून इतक्यांदा मोडून पुन्हा बांधली गेली होती, की ती फक्त वयस्क प्राण्याचीच असू शकत होती. शहाण्णव वर्षांनी जहागीरदारांचे म्हणणे खरे ठरले.

२००६ मध्येच ब्रँकिओसॉरांचाही निकाल लागला. राइनर शॉख आणि नादिया फ्रोबिश यांनी दाखवले, की क्रेडनर आणि रोमर दोघेही अर्धे बरोबर होते. या कुळातले बहुतेक प्राणी ॲक्सोलोटलसारखे बाळरूपातच प्रौढ होत, पण नीडरहेस्लिशच्या जातीतले मोजके प्राणी झपाट्याने रूप बदलून जमिनीवर येत. एकाच जातीत दोन्ही वाटा खुल्या. पॅरिसच्या हौदात जे एका शरद ऋतूत दिसले, ते २९ कोटी वर्षांपूर्वी चालू होतेच.

लहान असण्याचे आणखी एक कारण असू शकते, आणि ते मला या साऱ्या इतिहासात सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरचा सर्वांत मोठा महाविनाश झाला. त्यातून तगलेल्यांत लिस्ट्रोसॉरस हा डुकराएवढा, दोन सुळ्यांचा शाकाहारी प्राणी होता. त्याची हाडे दक्षिण आफ्रिकेत मिळतात, तशी आपल्याकडे दामोदर खोऱ्यातल्या पंचेत खडकांतही. विनाशानंतरच्या थरांतले प्राणी आकाराने छोटे आहेत. जेनिफर बोथा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हाडांतल्या रेषा मोजून सांगितले, की आधीचे लिस्ट्रोसॉरस तेरा-चौदा वर्षे जगत, नंतरचे दोन-तीनच. बुटके झाले नव्हते ते. पुरते वाढायच्या आत मरत होते, आणि मरायच्या आत प्रजा होत होती म्हणून वंश टिकला. वाढीचा वेग नव्हे, आयुष्याचे गणितच बदलले होते. मायासॉराच्या ५० नडग्या कापून हॉली वुडवर्ड यांनी २०१५ मध्ये काढलेला आकडाही असाच बोचरा आहे: दहातली नऊ पिल्ले पहिल्याच वर्षी दगावत.

भारतातली एक गोष्ट या मालिकेत चपखल बसते. गुजरातच्या तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात ढोली डुंगरी इथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात डायनोसॉरची अंडी आणि त्यांच्याजवळ नाजूक हाडे सापडली. १९८७ मध्ये त्यांनी ती नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाची म्हणून नोंदवली. २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या जेफ विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि काही मण्यांचे सांधे सापाचे आहेत हे त्यांच्या लक्षात आले. पुढे दोघांनी सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासातून २०१० मध्ये चित्र पुरे झाले: अंड्याभोवती वेटोळे घातलेला साडेतीन मीटरचा साप, शेजारी जेमतेम अर्ध्या मीटरचे पिल्लू, आणि सगळ्यांवर एकदम कोसळलेला गाळ. मोहबे यांना पिल्लू दिसले होते ते खोटे नव्हतेच. फक्त त्याचा शिकारीही त्याच्याच नावावर लागला होता. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ती इतकी लागून आहेत की आईला त्यांच्यामधून वावरणे शक्यच नव्हते. पिल्ले पहिल्या दिवसापासून आपल्या जिवावर.

पक्ष्यांचा धागा इथेच जोडून घेतो. २०१२ मध्ये हार्वर्डमधल्या भार्त-अंजन भुल्लर आणि अर्खात अब्झानोव्ह यांच्या गटाने डायनोसॉर, मगरी, आर्किऑप्टेरिक्स आणि आजचे पक्षी यांच्या कवट्यांच्या आकारांची तुलना केली. प्रौढ पक्ष्याची कवटी मोठे डोळे, फुगीर मेंदू आणि आखूड चेहरा यांमुळे प्रौढ डायनोसॉरपेक्षा डायनोसॉरच्या पिल्लाशी जुळते. चोच मात्र नंतरची भर. म्हणजे अंगणातली चिमणी हा चेहऱ्याने पोरवयातच थांबलेला डायनोसॉर आहे. ॲक्सोलोटलने जे एका पिढीत केले ते या वंशाने कोट्यवधी वर्षांत हळूहळू पक्के केले.

हाडे कापण्याचे यश डोक्यात गेले तेव्हा चूक दुसऱ्या बाजूने होऊ लागली. हॉर्नर आणि मार्क गुडविन यांनी २००९ मध्ये सपाट डोक्याच्या ड्रॅकोरेक्स आणि काटेरी डोक्याच्या स्टिजिमोलॉक यांना घुमटाकार डोक्याच्या पॅकिसेफॅलोसॉरसची पोरे ठरवले. हाडाच्या कापांचा आधार भक्कम होता आणि ते बहुतेकांना पटले. लगेच पुढच्या वर्षी टोरोसॉरस हा ट्रायसेरॅटॉप्सचा वयस्क अवतार असल्याचा दावा आला. तो आजही वादात आहे. लहान दिसले की लेकरू, ही आता नवी सवय झाली होती.

त्या सवयीची सर्वांत मोठी कसोटी होती क्लीव्हलंडच्या संग्रहालयातली एक कवटी. १९४२ मध्ये माँटानात सापडलेली, लांबी सुमारे ५७ सेंटिमीटर. टी. रेक्सच्या निम्म्याहून कमी. चार्ल्स गिल्मोर यांनी तिला पूर्ण वाढलेल्या छोट्या शिकाऱ्याची मानले. कवटीतली हाडे जुळून एक झाली आहेत, हा त्यांचा आधार. गोर्गोसॉरसची नवी जात म्हणून त्यांचा निबंध १९४६ मध्ये मरणोत्तर छापला गेला. १९६५ मध्ये सोव्हिएत अभ्यासक अनातोली रोझ्देस्त्वेन्स्की म्हणाले, हे टी. रेक्सचे पोर. मंगोलियातल्या टार्बोसॉरसच्या बाबतीत अशाच पायऱ्यांना वेगवेगळी नावे दिली गेल्याचे त्यांनी पाहिले होते. १९८८ मध्ये रॉबर्ट बॅकर आणि सहकाऱ्यांनी कवटीला नॅनोटिरॅनस हे नाव देऊन स्वतंत्र केले. १९९९ मध्ये थॉमस कार यांनी गिल्मोर यांचा आधारच खोडून ती पुन्हा टी. रेक्सच्या पदरात घातली. २००१ मध्ये ‘जेन’ नावाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, आणि २०२० मध्ये वुडवर्ड यांनी तिची हाडे कापून सांगितले, की किमान तेरा वर्षांची आणि अजून वाढत होती. वाद मिटला असे बहुतेकांनी धरले. टी. रेक्स पोरवयात चपळ आणि सडपातळ, मोठेपणी धिप्पाड, एकाच जातीने दोन शिकाऱ्यांच्या जागा अडवल्या, असे रोचक चित्र पुस्तकांत रंगले.

ते २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विसकटले. माँटानात २००६ साली एका ट्रायसेरॅटॉप्सशेजारी सापडलेला छोटा टिरॅनोसॉर नॉर्थ कॅरोलिनाच्या संग्रहालयात पोहोचला होता. लिंडसे झॅनो आणि जेम्स नेपोली यांनी ‘नेचर’मध्ये त्याचा हिशेब मांडला: वय सुमारे वीस, वाढ संपलेली. टी. रेक्सपेक्षा दात जास्त, शेपटीचे मणके कमी, हात मोठे. वाढताना मणक्यांची संख्या घटत नाही आणि हात आखडत नाहीत. तेव्हा हा टी. रेक्स नव्हे, नॅनोटिरॅनस. जेनलाही त्यांनी त्याच प्रजातीतली दुसरी जात ठरवले. वुडवर्ड यांचे निरीक्षण त्यामुळे खोटे पडत नाही. जेन वाढतच होती, फक्त टी. रेक्स व्हायला नाही. तिला टी. रेक्सच्या वाढीची एक पायरी धरून काढलेले आलेख आता नव्याने काढावे लागतील, आणि टी. रेक्सचे खरेखुरे पोर कसे दिसे, ते शोधायला नव्या सांगाड्यांची वाट पाहावी लागेल.

क्लीव्हलंडच्या मूळ कवटीला कापायला पायाचे हाड नव्हते, फक्त डोके. २०२५ च्या अखेरीस ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात म्हणून तिच्या घशातले जिभेला आधार देणारे हाड तपासले गेले. मगरी, पक्षी आणि इतर डायनोसॉर यांच्या त्याच हाडात वाढीची नोंद राहते का, याची आधी खात्री करून घेतली होती. उत्तर आले: प्रौढ, किंवा त्याच्या अगदी जवळ. गिल्मोर यांनी दिलेले प्रजातीचे नाव केव्हाच रद्द झाले आहे, जुळलेल्या हाडांचा पुरावाही टिकला नाही. वयाचा अंदाज मात्र त्यांचा बरोबर होता.